राखणदाराचा शिधा

‘सर्व्हर बंद’ या दोन शब्दांचं वजन संगणकाच्या काट्यावर ३१ बाइट भरतं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि जोडाक्षरात पाय मोडण्याचं चिन्हसुद्धा वेगळं मोजलं जातं. दहा चिन्हांचे तीस, मधल्या मोकळ्या जागेचा एक. एवढासा निरोप वेळेवर पोचावा म्हणून मी एके काळी ५१२ एमबी रॅमच्या सर्व्हरवर बसल्याजागी सव्वाशे एमबी खाणारा ब्रोकर, म्हणजे निरोपांची ने-आण करणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, ठेवला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हिशेब. नुसत्या मसाल्यावर भागलं असतं तर ही पुस्तिका लिहायची वेळ आली नसती.

सर्व्हर एका छोट्या संस्थेचा होता. सभासदांची नोंदणी आणि वर्गणीच्या पावत्या, एवढंच काम. एनजिनएक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएल त्यावर सुखाने नांदत होते. मी तिथे मॉनिटरिंग बसवलं. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, डेटाबेस उत्तर देतो का, अशा बारा तपासण्या, दर दहा सेकंदांनी. प्रत्येक तपासणीचा निकाल ब्रोकरच्या रांगेत जायचा. रांगेच्या दुसऱ्या टोकाला माझा एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असे; तो निकाल उचलून वाचायचा आणि गडबड दिसली की मला मेल करायचा. एका शनिवारी संध्याकाळी हा वाचणारा प्रोग्रॅमच मेला. चूक माझ्या कोडमधली. तपासण्या मात्र इमानेइतबारे चालू राहिल्या, मिनिटाला ७२ निकाल, तासाला ४,३२०. सोमवारी पहाटेपर्यंत रांगेत दीड लाखाच्या आसपास मेसेज साठले आणि ब्रोकर फुगत गेला.

लिनक्स प्रत्येक प्रोसेसला मागेल तेवढी मेमरी कबूल करत जातो. पाचशे पत्रिका वाटायच्या आणि साडेतीनशे पानांचा स्वयंपाक करायचा, तसा हा कारभार. बहुतेक वेळा निभावतं. सगळे पाहुणे एकदम पंगतीला बसले की कर्नलमधला ओओएम किलर उठतो आणि एकाला पानावरून उठवतो. ही वेळ कोणी आणली याची चौकशी तो करत नाही; कोणाच्या पानात सगळ्यात जास्त वाढलंय एवढंच बघतो. त्या घटकेला मायएसक्यूएल ब्रोकरपेक्षा थोडा जाड होता. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि संस्थेची साइट बंद पडली. मॉनिटरिंगने मला काहीच कळवलं नाही. सकाळी संस्थेच्या कारकुनाने फोन केला तेव्हा समजलं.

नंतर मी ती रांग उघडून पाहिली. दीड लाख मेसेजमध्ये जवळजवळ प्रत्येकाचा मजकूर एकच होता: सगळं ठीक आहे.

राखणदार ठेवायचा तर त्याचा शिधा आधी ठरवावा लागतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला लागत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना मात्र ते दर वेळी नव्याने शिकावं लागतं, कारण आमच्या धंद्यातली बहुतेक सॉफ्टवेअरं भरल्या कोठाराच्या घरात जन्मलेली असतात. ही पुस्तिका कोठार नसलेल्यांसाठी आहे: ज्यांच्याकडे ५१२ एमबीचा किंवा फार तर एक जीबीचा व्हीपीएस आहे, टेबलाखाली जुना लॅपटॉप चालू ठेवलेला आहे, किंवा रास्पबेरी पायवर काहीतरी चाललंय. पायची गोष्ट बोलकी आहे. २०१२ साली आलेल्या पहिल्या पायमध्ये २५६ एमबी रॅम होती. २०१५च्या झीरोमध्ये ५१२ आली, आणि २०२१च्या झीरो २ डब्ल्यूमध्येही ५१२च राहिली. सहा वर्षांत प्रोसेसर कितीतरी पळाला, रॅम जागची हलली नाही, आणि बोर्डवर डाग देऊन बसवलेली असल्याने वाढवताही येत नाही.

‘रॅम वाढवून घ्या की’ असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. एकच व्हीपीएस असेल आणि महिन्याला चारशे-पाचशे रुपये जास्त परवडत असतील, तर ते जरूर करावं आणि ही पुस्तिका बाजूला ठेवावी. अशी तीस मशिनं असली की मग हिशेब बदलतो.

आता ‘हलकं’ या शब्दाबद्दल. टूल निवडताना लोक आधी डाउनलोडचा आकार बघतात, मग टूल चालू करून लगेच त्याची मेमरी बघतात, आणि आकडा लहान दिसला की खूश होतात. मीही तेच केलं होतं. हा आकडा निवांत बसलेल्या माणसाची नाडी बघण्यासारखा आहे. मेसेज नेणारं टूल खरं किती जड आहे हे तेव्हा कळतं, जेव्हा पाठवणारे पाठवत असतात आणि घेणारा मेलेला असतो. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक टूलची एकच परीक्षा घेतली आहे. मेसेज चालू करायचे, वाचक प्रोग्रॅम मारायचा, आणि रात्रभर मशीन तसंच सोडून सकाळी बघायचं. काही टूलं जुने मेसेज फेकून हलकी राहतात, काही पाठवणाऱ्यालाच थोपवतात, आणि काही कोणालाच काही न सांगता मेमरी संपेपर्यंत सगळं पोटात घेत राहतात. बँकेच्या व्यवहारांसाठी हा शेवटचा स्वभाव गुण ठरेल. मॉनिटरिंगसाठी तो अवगुण आहे, कारण परवा दुपारी सव्वातीन वाजता मेमरी किती मोकळी होती हा आकडा आज रांगेतून काढून कोणीही वाचणार नाही.

इथे एक भेद करावा लागतो, आणि माझी सगळी चूक तो न करण्यात होती. मॉनिटरिंगमध्ये दोन प्रकारचा माल असतो: आकडे आणि आरोळ्या. आकडा दर दहा सेकंदांनी नवा येतो. जुना हरवला तर काही बिघडत नाही, उलट शिळा झाल्यावर तो फेकलाच पाहिजे. आरोळी महिन्यातून एकदा येते, पण ती हरवता कामा नये. मी दोघांना एकाच रांगेत उभं केलं होतं, आणि रांगेत दीड लाख आकडे पुढे उभे असल्यावर आरोळीचा नंबर कधी लागायचा?

आकड्यांसाठी ब्रोकरच कशाला, हा प्रश्न विचारायला माझी बरीच वर्षं गेली. युनिक्सच्या जगाने याचं उत्तर चाळीसेक वर्षांपूर्वी देऊन ठेवलं होतं. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत आपल्या सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिला. तो यूडीपीच्या ५१४ पोर्टवर एक पाकीट फेकतो आणि विसरून जातो. पोचल्याची पावती नाही, म्हणून पाठवणाऱ्याला काही धरून ठेवावं लागत नाही, आणि धरून ठेवायचं नाही म्हणून मेमरीही लागत नाही. एट्सी या कंपनीने २०११ साली स्टॅट्सडी बाहेर काढला तो याच वाटेने: मोजमापाचं नाव, विसर्गासारखे दोन ठिपके, आकडा, एक उभी रेघ, प्रकाराचं अक्षर, आणि ते पाकीट यूडीपीवर सोडून द्यायचं. घेणारा बंद असला तर पाकीट हवेत विरतं. माझ्या त्या शनिवारी असं असतं तर मायएसक्यूएल जिवंत राहिला असता. बॅश शेलमधून असं पाकीट एका ओळीत पाठवता येतं. वेगळं टूल बसवावंच लागत नाही. ही ओळ दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि पुस्तिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच.

प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलचा मार्ग उलटा आहे. तिथे सर्व्हर काही पाठवत नाही. मध्यवर्ती मशीन ठरावीक वेळाने येऊन आकडे मागून नेतं. लहान मशीनवर रांगच नसल्याने ती तुंबायचा प्रश्न येत नाही. ओझं सगळं मध्यवर्ती मशीनवर पडतं, तेव्हा ते मशीन तरी ऐसपैस हवं.

आरोळ्यांसाठी मात्र कोणीतरी मध्ये लागतो, आणि तिथे माझा कौल एमक्यूटीटीला आहे. तिची जन्मकथा आपल्या विषयाला अगदी लागू पडते. १९९९ साली आयबीएममधले अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉममधले आर्लेन निपर यांच्यापुढे वाळवंटातून जाणाऱ्या तेलवाहिन्यांचं काम होतं. वाहिनीवरची यंत्रं दूर, जोडणी उपग्रहामार्फत, आणि त्या जोडणीवरून जाणाऱ्या प्रत्येक बाइटला दाम. त्यामुळे त्यांनी प्रोटोकॉल लिहिला तोच तारेच्या मजकुरासारखा काटकसरीचा. मेसेजचं ठरीव डोकं कमीत कमी दोन बाइटांचं. नऊ अक्षरांचा विषय आणि ‘८७’ असा इंग्रजी आकड्यांतला मजकूर पाठवायचा असेल तर डोक्याचे दोन, विषयाची लांबी सांगायला दोन, विषयाचे नऊ आणि मजकुराचे दोन, असे सगळे मिळून १५ बाइट होतात. ‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगायचं असेल तर दोन बाइटांत काम होतं. २०११ साली फेसबुकने आपल्या मेसेंजरसाठी हाच प्रोटोकॉल उचलला, कारण फोनच्या बॅटरीचं दुखणं तेलवाहिनीवरच्या यंत्राच्या दुखण्याहून वेगळं नव्हतं.

पण १५ बाइटांवर भाळू नका. त्याच्या खाली टीसीपी आणि आयपी यांची डोकी निदान ४० बाइटांची असतात, म्हणजे पत्रापेक्षा पाकीट जड. वर टीएलएस लावलं की प्रत्येक जोडणीमागे ब्रोकरला आणखी मेमरी बाजूला काढावी लागते. टीएलएस काढून टाका असं मी म्हणत नाही. जोडण्या मोजून ठेवा, एवढंच.

एमक्यूटीटीमध्ये मला खरी भुरळ घातली ती मृत्युपत्राच्या सोयीने. जोडणी करतानाच यंत्र ब्रोकरकडे एक मेसेज ठेवून देतं: मी निरोप न घेता गेलो तर हा सगळ्यांना कळवा. यंत्राने स्वतःच ठरवून दिलेला अवधी असतो. त्याच्या दीडपट वेळात त्याच्याकडून काहीच आलं नाही तर ब्रोकर जोडणी तोडतो आणि मृत्युपत्र वाचून दाखवतो. सर्व्हर कोसळला की सगळ्यात मोठी अडचण हीच असते, की ‘मी कोसळलो’ हे सांगायला तो शुद्धीवर नसतो. इथे तो शुद्धीत असतानाच सांगून ठेवतो.

ब्रोकर म्हणून मॉस्क्विटो. डासाचं इंग्रजी नाव घेऊन त्यात एक टी जास्त घातलेला हा सी भाषेतला प्रोग्रॅम रॉजर लाइट यांनी लिहिला, आणि तो नावाप्रमाणेच अंगाने किरकोळ आहे. त्याच्या परीक्षेचा निकाल मात्र कॉन्फिगवर अवलंबून राहतो. बंद असलेल्या वाचकासाठी किती मेसेज राखून ठेवायचे याची मर्यादा त्यात आधीपासून घातलेली आहे: पूर्वी १०० होती, २.० आवृत्तीपासून १,०००. आरोळ्यांसाठी मी ती परत १००वर आणतो. शंभर आरोळ्या तुंबल्या असतील तर एकशेएकावी वाचून काय होणार?

इतर टूलांचं सविस्तर पुढच्या प्रकरणांत येईल. इथे नुसती ओळख. रॅबिटएमक्यू एर्लंग भाषेत लिहिलेला आहे. एर्लंग ही एरिक्सनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलेली भाषा, न पडण्यासाठी प्रसिद्ध. मशीनच्या ४० टक्के मेमरीला पोचला की पाठवणाऱ्यांना थांबवायचं, अशी मर्यादा त्यात अनेक वर्षं मुळातच घातलेली होती. हा आकडा उगाच आलेला नाही: कचरा गोळा करताना एर्लंगची मेमरी वाईटात वाईट वेळी दुप्पट होऊ शकते. ५१२ एमबीचे ४० टक्के २०५, त्याची दुप्पट ४१०. उरलेल्या शंभर एमबीत डेटाबेस, वेब सर्व्हर आणि कर्नल यांनी कसं राहायचं ते तुम्हीच ठरवा. न्यायाने हेही सांगतो, की त्यात प्रत्येक मेसेजला आयुष्य ठरवून देता येतं, आणि रांगेला लांबीही. तशी सोय बहुतेक ब्रोकरांमध्ये असते, माझ्या त्या ब्रोकरमध्येही होती. साठ सेकंदांचं आयुष्य दिलं असतं तर रांगेत दीड लाखांऐवजी ७२ मेसेज असते. एका ओळीचं काम होतं. मी ती ओळ लिहिली नव्हती.

काफ्काचा सुरू करण्याचा स्क्रिप्ट पहिल्याच दमात एक जीबीचा हीप मागतो. तो मोठ्या घरचा आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष नाही.

रेडिस लोकप्रिय आहे, कारण तो बहुतेकांकडे आधीपासून बसवलेला असतो. आहे त्यातच भागवायचं हा विचार मला पटतो. पण ६४ बिट मशीनवर त्याला मेमरीची मर्यादा आपण घालेपर्यंत नसते. यादीत मेसेज ढकलून ठेवले आणि वाचक मेला, तर माझीच हकिकत पुन्हा घडेल. शिवाय तो डिस्कवर प्रत काढताना स्वतःचं जुळं जन्माला घालतो. दोघं एकच मेमरी वाटून घेत असले तरी त्या वेळात भरपूर लिखाण झालं तर मेमरीची मागणी दुपटीकडे जाते. नुसत्या मॉनिटरिंगसाठी ठेवला असेल तर ती प्रत काढणंच बंद करावं, आणि प्रत्येक ढकलणीमागे यादी छाटावी.

डेरेक कॉलिसन यांचा नॅट्स आधी रूबीत होता, नंतर गो भाषेत आला. त्याचा कडकपणा मला आवडतो. वाचक मागे पडला की नॅट्स त्याची जोडणी तोडून मोकळा होतो. फक्त, तोडण्याआधी एका जोडणीमागे ६४ एमबीपर्यंत थांबायची त्याची तयारी असते, आणि आपल्या मशीनच्या मानाने ती फारच उदार आहे. हा आकडा कमी करून घ्यावा. पीटर हिंटजेन्स यांच्या नावाशी जोडला गेलेला झीरोएमक्यू तर ब्रोकरच नाही. तो आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायची लायब्ररी आहे. त्यात साठवणीची रेघ हजार मेसेजवर आहे. जुन्या २.x आवृत्त्यांत ती रेघच नव्हती, आणि जुन्या लेखांतली उदाहरणं उतरवून घेणाऱ्यांना त्याचा फटका बसतो.

टूल कोणतंही घ्या, त्याला कुंपण घाला. सिस्टिमडीमध्ये सेवेच्या फाइलीत मेमरीची कमाल मर्यादा एका ओळीत लिहिता येते. दुसऱ्या ओळीत ओओएम किलरला सांगता येतं, की वेळ आलीच तर आधी याला ने. हा आकडा उणे १,०००पासून अधिक १,०००पर्यंत असतो. ओपनएसएसएचचा मुख्य प्रोसेस स्वतःला उणे १,००० लावून घेतो, म्हणून मेमरी संपलेल्या मशीनमध्येही लॉगिनचं दार सहसा शाबूत असतं. राखणदाराला मी अधिक ५०० लावतो. मालकाच्या आधी त्याने जायचं, हा करार.

शेवटचा टप्पा मशीनपासून माणसापर्यंतचा, आणि तिथे सर्व्हरची रॅम मध्ये येत नाही. एसएमएस १४० बाइटांचा असतो: रोमन लिपीत १६० अक्षरं, देवनागरीत ७०. ‘सर्व्हर बंद’ त्यात आरामात बसतं, पण भारतात ट्रायच्या २०१८च्या नियमांपासून व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, आणि सर्व्हर कोणत्या तऱ्हेने बिघडेल याचा साचा आधीच नोंदवून ठेवणं जरा अवघड जातं. म्हणून बहुतेक छोटे लोक टेलिग्रामच्या बॉटकडे गेले आहेत. एक एचटीटीपीएस विनंती, त्यासाठी कर्ल पुरतो, कायम चालू ठेवायचा प्रोसेस नाही. त्यावर माझी एकच कुरकुर आहे: ती सेवा आपल्या हातातली नाही. आरोळीला दुसरी वाटही असावी, निदान मेलची.

पुस्तिका वाचताना जवळ एक रिकामं ५१२ एमबीचं मशीन असू द्या. पुस्तिकेतल्या कोष्टकांतले आकडे माझ्या मशीनवरचे आहेत. तुमच्या कर्नलवर आणि तुमच्या आवृत्तीवर ते वेगळे येतील, तेव्हा माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा वाचक मारून बघा. मेमरी बघताना फ्री या कमांडमधला ‘मोकळी’ हा रकाना सोडून ‘उपलब्ध’ हा रकाना बघायचा, हे पहिल्या प्रकरणात सांगितलंच आहे, पण विसरणारे फार, म्हणून इथेही.

त्या संस्थेचा सर्व्हर अजून ५१२ एमबीवरच आहे. आकडे यूडीपीने जातात. आरोळ्यांसाठी मॉस्क्विटो आहे, ४८ एमबीच्या कुंपणात. वाचक प्रोग्रॅम तिथेच चालतो, आणि माझ्या घरच्या पायवर दुसरा एक श्रोता मृत्युपत्रं ऐकत बसलेला असतो. मागच्या दिवाळीत तो वाचक पुन्हा एकदा मेला. मला फोनवर २२ बाइटांचा निरोप आला, ‘वाचक बंद’. वाचक पुन्हा चालू केला तेव्हा रांगेत चार मेसेज होते.